फोन काढून घेणार नाही, एवढं आधी कबूल करा

ताई, नमस्कार.
मी नववीच्या एका वर्गाची वर्गशिक्षिका आहे. ४१ मुलं आहेत. मागच्या महिन्यात कुणीतरी वर्गाच्या नावाने इन्स्टावर एक निनावी पेज काढलं, आधी त्यावर शिक्षकांचे मीम्स होते (माझंही होतं), मग वर्गातल्या एका मुलीचे फोटो एडिट करून टाकायला लागले. ती चार दिवस शाळेत आली नाही तेव्हा कुठे आम्हाला कळलं. आता पेज बंद झालंय, कुणी काढलं होतं ते अजून कळलेलं नाही. मुख्याध्यापकांनी मला सांगितलंय की 'सोशल मीडियाचा सकारात्मक वापर' यावर काहीतरी उपक्रम घ्या. गेल्या वर्षी एक पाहुणे आले होते, दीड तास बोलले, मुलं बेंचखाली फोन बघत होती. पालकांच्या ग्रुपवर एकच सूर आहे, फोनच बंद करा. मला ते पटत नाही कारण माझ्याच वर्गातला एक मुलगा व्हिडिओ बघून बघून ॲनिमेशन शिकलाय. पण मी स्वतः इन्स्टावर नाहीच, मग मी कुठल्या तोंडाने शिकवू? चांगला वापर करा म्हणजे नक्की काय सांगायचं त्यांना?
– नववीची वर्गशिक्षिका

नमस्कार मॅडम,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा उपक्रमापर्यंत पोचायच्या आधीच मी त्या मुलीपाशी अडकले. ती परत यायला लागली का शाळेत? लिहायचं राहिलं असेल तुमचं. पण उपक्रम-बिपक्रम सगळं त्यानंतर हो, कारण बाकीची ४० मुलं आत्ता एकच गोष्ट बघतायत, की हिच्यावर वेळ आली तर मोठी माणसं काय करतात. तुम्ही नंतर कितीही छान पोस्टर्स लावा, मुलं जे शिकायचं ते यातूनच शिकणार आहेत.

तिला एकटीला भेटा, स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत नको. 'कोण होतं, कुणावर संशय आहे' यानेही सुरुवात करू नका, आधी विचारा की तुला आमच्याकडून काय हवंय. कधीकधी मुलांना शिक्षा-बिक्षा काही नको असते, तो फोटो कुठे उरू नये एवढंच हवं असतं, कधी बसायची जागा बदलून हवी असते, कधी फक्त आईबाबांना कसं सांगू यात मदत हवी असते. आणि तिला न विचारता सगळ्या शाळेसमोर या विषयावर भाषण अजिबात नको. नाव घेतलं नाही तरी कुणाबद्दल चाललंय ते शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं, म्हणजे तिला तेच सगळं दुसऱ्यांदा, आणि यावेळी माइकवरून.

पेज बंद झालं म्हणजे फोटो गेले असं नसतं, स्क्रीनशॉट कुणाकडे ना कुणाकडे असतातच. पुन्हा कुठे दिसलं तर रिपोर्ट करायच्या आधी पोस्टचा स्क्रीनशॉट, तारीख, अकाउंटचं नाव हे सगळं घेऊन ठेवा, कारण पोस्ट उडाली की पुरावाही उडाला. याला अपवाद एकच आणि तो नीट वाचा. फोटो जर नग्न किंवा तसल्या प्रकारचा असेल, मग तो एडिट केलेला असो की एआयने बनवलेला, तर तो कुणीही सेव्ह करायचा नाही आणि 'बघा हो काय प्रकार आहे' म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही. लहान मुलांचे असे फोटो जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे, तुमचा हेतू चांगला होता म्हणून तुम्ही सुटालच असं नाही. सरळ पोलीस. अशा फोटोंसाठी 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची, २०२३ मध्ये सुरू झाली, १८ च्या आतल्या वयात काढलेल्या फोटोंसाठी. त्यात फोटो कुणाला पाठवावाच लागत नाही, आपल्याच फोनमध्ये त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो, हॅश म्हणतात त्याला, तेवढाच पुढे जातो आणि इन्स्टा, फेसबुक अशा सामील झालेल्या कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो आपल्याकडे दिसला की काढून टाकतात. तुमच्या केसमध्ये याची गरज नसेलही, पण शाळेत एका तरी माणसाला हे माहीत हवं, आणि तुमच्याकडे ते माणूस आता तुम्ही आहात असं दिसतंय.

पेज कुणी काढलं ते शोधा जरूर, पण सगळी ताकद त्यातच घालवू नका. पेज एकाने काढलं असेल, बघितलं किती जणांनी? लाइक किती जणांनी केलं? मी ज्या ज्या वर्गांत असल्या भानगडी निस्तरल्यात तिथे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे 'मॅडम मी काहीच नाही केलं, मी फक्त बघितलं'. आणि ते खरंही असतं बिचाऱ्यांचं, काय करायचं तेच त्यांना माहीत नसतं, कमेंटमध्ये जाऊन भांडलं तर उद्या आपला नंबर लागेल ही भीती असते आणि ती काही खोटी नाही. त्यांना एवढंच सांगा की जाहीरपणे हिरोगिरी करायची गरज नाही. लाइक करू नका, पुढे पाठवू नका, आणि तिला पर्सनलवर एक ओळ टाका, 'बघितलं मी, फालतूपणा आहे हा, तू ठीक आहेस ना'. बस. ही एक ओळ आली असती तर त्या चार दिवसांतले दोन कमी झाले असते असं माझं मत आहे, पुरावा काही नाही माझ्याकडे. तुम्ही मला सकारात्मक वापर म्हणजे काय विचारताय ना, मी त्या ओळीपासून सुरुवात करेन.

आता पालकांचा ग्रुप. त्यांची भीती मला समजते, चेष्टा नाही करत, आणि ते एकटेच तसं म्हणतायत असंही नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या नोव्हेंबरात कायदाच केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडिया साइट्सवर अकाउंट ठेवता येत नाही. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे लोकांच्या आरोग्याबद्दल देशाला सल्ला देणारे सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एक जाहीर सूचना काढली होती, त्यात होतं की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडियावर असणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता यांच्या तक्रारींचा धोका दुप्पट दिसतो. हे झालं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या दोघा संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती चाळून काढली, आणि त्यांना दिसलं की मुलांच्या बरं-वाईट वाटण्यात जो फरक असतो त्यातला फार तर ०.४ टक्के भाग स्क्रीनशी जोडता येतो, त्याच आकडेवारीत चष्मा असण्याचा संबंध त्याहून वाईट निघाला. म्हणून कुणी चष्मे बंद करा म्हटलं नाही. मग खरं काय? मला विचाराल तर दोन्ही खरं, कारण सरासरी काढली की रात्री दोनपर्यंत दुसऱ्यांची शरीरं बघत कुढणारी मुलगी आणि तुमचा ॲनिमेशनवाला मुलगा एकाच आकड्यात मिसळून जातात. दोघांचा स्क्रीन टाइम सारखाच असेल, चार तास. त्या आकड्यावरून तुम्हाला काय कळणार?

म्हणून 'किती तास' वर पालकांशी हुज्जत घालू नका, त्यांना दुसराच प्रश्न विचारा. की ही मुलगी चार दिवस घरी होती, त्याच्या आधी किती दिवस सहन करत होती देव जाणे, मग तिने घरी किंवा शाळेत का नाही सांगितलं?

उत्तर मी सांगते, कारण हे मी इतक्या मुलांकडून ऐकलंय की आता पाठ झालंय. सांगितलं तर फोन जाईल. एवढंच. मुलांच्या डोक्यातला हिशोब अगदी सरळ असतो, त्रास झाला आणि गप्प बसलो तर फक्त त्रास, सांगितलं तर त्रास प्लस फोन गेला प्लस मैत्रिणी तुटल्या प्लस 'आम्ही सांगितलंच होतं' ऐकायचं. कोण सांगेल? तुम्ही सांगितलं असतं? आपणच त्यांना गप्प बसायला शिकवलंय आणि वर विचारतो की बोलत का नाहीस.

तर माझं म्हणणं असं की पालकसभा घ्या, आणि तिथे बाकी काही झालं नाही तरी चालेल पण एक वचन घ्या, की मुलाने स्वतःहून येऊन काही सांगितलं तर त्या सांगण्यामुळे फोन काढून घेतला जाणार नाही. चूक त्याची स्वतःची असली तरीसुद्धा. नियम मोडला, उद्धट वागला, अभ्यास बुडवला तर फोनचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. पण सांगितल्याची शिक्षा नाही. आणि हे पालकांनी मुलांना त्याच दिवशी घरी जाऊन शब्दांत सांगायचं, 'त्यांना माहीतच आहे' असं गृहीत धरायचं नाही, कारण त्यांना उलटंच माहीत असतं. काही पालक वाद घालतील, एक जण तरी म्हणेल की मग धाक काय राहिला. त्यांना विचारा की धाक होताच ना, मग पेजबद्दल तुम्हाला कधी कळलं? मॅडम, ही गोष्ट जमली नाही तर मी पुढे जे लिहितेय ते सगळं शोभेचं आहे, खरंच सांगते.

पुढे जायच्या आधी माझी एक फजिती ऐका. कितीतरी वर्षांपूर्वी मीही एका शाळेत तुमच्या त्या पाहुण्यांसारखीच उभी होते, ६० स्लाइड्स, लाल अक्षरं, याने हे केलं तिचं ते झालं, सगळ्या भीतीच्या बातम्या. मुलं शांत होती, मला वाटलं काय प्रभाव पडतोय. संध्याकाळपर्यंत माझा, तोंड उघडं आणि बोट वर, असा स्टिकर मुलांच्या ग्रुपवर फिरत होता, 'सावधान' लिहिलेला. मला तो एका मुलीनेच दाखवला. सांगायला लाज वाटते पण स्टिकर भारी होता, टायमिंग होतं, अक्षर छान होतं, आणि मला त्या दिवशी कळलं की माझ्यासमोर दीड तास बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी अंगात माझ्यापेक्षा जास्त हुनर होता आणि मी त्याला एक शब्द बोलू दिला नव्हता. तुमचंही मीम होतं म्हणालात. ते कसं होतं? म्हणजे हसू आलं का तुम्हाला? आलं असेल तर वर्गात तसं सांगा. शिक्षकावरचं मीम आणि वर्गातल्या मुलीचा एडिट केलेला फोटो यात फरक कुठे पडतो, कुणाच्या हातात काय ताकद आहे, हसणाऱ्यांत ती व्यक्ती सामील आहे का, याच्यावर नववीची मुलं इतकी मुद्द्याचं बोलतात की तुम्ही थक्क व्हाल.

तुम्ही इन्स्टावर नाही याचं टेन्शन घेऊ नका, उलट चांगलं आहे, खरं अज्ञान घेऊन जा. वर्गात कोरे कागद वाटा, नाव लिहायचं नाही, दोनच प्रश्न द्या. या आठवड्यात फोनवर बघितलेली किंवा केलेली कुठली गोष्ट तुला आवडली, आणि कुठली गोष्ट बघून फोन ठेवल्यावर कसंतरी वाटलं. डब्यात टाका, तुम्ही आधी एकट्या वाचा (कुणी काही गंभीर लिहिलेलं असू शकतं, म्हणून लगेच वर्गात वाचू नका, आणि तसं काही निघालंच तर नाव नसलं तरी वर्गाला सांगा की मी वाचलंय, मी इथे आहे, मला कधीही येऊन भेटा), मग दुसऱ्या दिवशी निवडक वाचून दाखवा. पहिल्या प्रश्नाची उत्तरं बघा म्हणजे झालं. सकारात्मक वापर बाहेरून आणायची गरजच नसते बऱ्याचदा, तो तिथे असतो, फक्त आपल्याला दाखवत नाहीत कारण आपण फोन दिसला की भुवया उंचावतो. गिटारचे कॉर्ड्स, गणिताचं एक अडलेलं उदाहरण, लांब गेलेल्या मैत्रिणीशी रोजच्या गप्पा, कुणाला आपल्यासारखाच आजार असलेली दुसरी मुलं सापडलेली असतात, कुणी न सांगता कविता टाकत असतं. दुसऱ्या प्रश्नात बहुतेक तुलना निघेल, आपल्याला न बोलावलेल्या पार्टीची स्टोरी निघेल, 'सीन करून रिप्लाय नाही' निघेल.

त्यानंतरचा तास मात्र तुम्ही घ्या, आणि तो उपदेशाचा नको, यंत्राचा हवा. म्हणजे हे ॲप आतून चालतं कसं. अमेरिकेत संशोधकांनी आठवीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, २०१९ मध्ये छापून आला. काही मुलांना नेहमीचं पौष्टिक खा वगैरे वाचायला दिलं, आणि काहींना अरबट-चरबट खाणं विकणाऱ्या कंपन्या मुलांना कशा हेरतात, फसव्या जाहिराती कशा करतात ते वाचायला दिलं. दुसऱ्या गटातल्या मुलांचं, विशेषतः मुलग्यांचं, शाळेच्या कँटीनमधलं तसलं खाणं पुढचे तीन महिने कमी राहिलं. या वयात 'तुझ्या भल्यासाठी' म्हटलं की कान बंद होतात, पण 'तुला कुणीतरी गंडवतंय' म्हटलं की खाडकन उघडतात. तेच वापरा.

सांगा त्यांना की रील्सना शेवट का नाही. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने ती कधीच न संपणाऱ्या स्क्रोलची युक्ती काढली, पान संपलं की थांबून पुढे जायचं का असा विचार करायला जी एक फट मिळायची ती बुजवून टाकली, आणि नंतर त्याने स्वतःच जाहीरपणे त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. फेसबुकचं लाइक बटण २००९ चं, म्हणजे तुमच्या मुलांपेक्षा फार मोठं नाही. मग स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची कबुतरं आणा वर्गात, म्हणजे गोष्टीत. त्याने दाखवलं की चोच मारल्यावर दाणा कधी पडेल ते ठरलेलं नसलं की कबूतर चोच मारतच सुटतं, थांबत नाही. नोटिफिकेशन बघायला खाली ओढून रिफ्रेश करतो तेव्हा आपण काय करतो? एवढं म्हटलं की वर्गात कुणीतरी 'मॅडम आपण कबुतर' म्हणतंच, माझ्याकडे दर वेळी म्हटलंय. स्नॅपचॅटच्या स्ट्रीकबद्दल विचारा, म्हणजे सलग किती दिवस दोघांनी एकमेकांना स्नॅप पाठवला त्याचा आकडा, २४ तासांत दोघांपैकी एकाचाही स्नॅप चुकला तर आकडा शून्यावर, कितीतरी मुलं नुसता छताचा फोटो पाठवतात स्ट्रीक जाऊ नये म्हणून. ही मैत्री आहे की हजेरी, हे त्यांचं त्यांनाच ठरवू दे. आणि २०२१ मध्ये फेसबुकमधूनच बाहेर पडलेल्या फ्रान्सेस हॉगेन यांनी जी कागदपत्रं उघड केली त्यांचंही सांगा, कंपनीच्या स्वतःच्या अभ्यासात (इन्स्टाही याच कंपनीचं) ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी म्हटलं होतं की शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असेल तर इन्स्टाने अजून वाईट वाटतं. कंपनीला माहीत होतं, हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे बदलतात.

मग लगेच हातात काहीतरी द्या करायला, नाहीतर नुसता राग येऊन विरून जातो. एक आठवडा स्वतःच्या फीडशी, म्हणजे ॲप उघडलं की समोर जे येत राहतं त्याच्याशी, मारामारी करायची. जे बघून कसंतरी वाटतं त्यावर 'नॉट इंटरेस्टेड' दाबायचं, दोन-चार अकाउंट म्यूट करायचे (म्हणजे फॉलो तसंच राहतं, फक्त त्यांच्या पोस्ट आपल्याला दिसत नाहीत, आणि म्यूट केलेलं समोरच्याला कळत नाही, हे मुलींना नक्की सांगा, मैत्रिणीला अनफॉलो करायची हिंमत नसते पण म्यूट जमतं), आपल्याला शिकायचंय त्या विषयाचे मुद्दाम शोधून चार व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचे. आठवड्याने फीड बदललं का ते वर्गात सांगायचं. बदलतं बरं का, चक्क बदलतं. इन्स्टावर आता सगळ्या शिफारशी पुसून कोऱ्या करायचं बटणही आहे. आणि 'रिस्ट्रिक्ट' शिकवा, ते फार कामाचं आहे, ज्याला रिस्ट्रिक्ट केलं त्याची कमेंट फक्त त्यालाच दिसते, बाकी कुणाला नाही, आणि त्याला पत्ताही लागत नाही, म्हणजे ब्लॉक केल्यावर वर्गात जे नाटक होतं ते टळतं.

वयाचं पण एक बघा. इन्स्टाने सप्टेंबर २०२४ पासून १८ खालच्यांसाठी 'टीन अकाउंट' आणलंय, अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि १६ च्या आतल्यांना हे ढिलं करायला पालकांची परवानगी लागते. छान आहे, पण मुलाने पाचवी-सहावीत अकाउंट काढताना खोटी जन्मतारीख टाकलेली असेल तर ॲपच्या लेखी तो आज २२ वर्षांचा घोडा असू शकतो आणि यातलं काहीही त्याला लागू होत नाही. अर्ध्या वर्गाचं असंच असणार. रागवू नका, फक्त ती दुरुस्त करायला लावा, पालकांसोबत बसून.

आता तुमचा तो ॲनिमेशनवाला. त्याला हुडकून काढलंत तसे अजून सापडतील, आणि मुख्याध्यापकांना जो उपक्रम दाखवायचाय तो इथून उभा राहील. वर्गाचं एक पेज मुलांनाच चालवू द्या, खरंखुरं, शाळेच्या जाहिरातीचं नको, 'आमच्या मान्यवरांनी दीपप्रज्वलन केले' छाप काही टाकायला लावलंत तर मुलं तिसऱ्या दिवशी पळतील. नियम त्यांनीच लिहायचे, कुणाचा फोटो टाकायच्या आधी विचारायचं का, कमेंट कोण बघणार, चूक झाली तर काय. पेज बंद पाडणाऱ्यांपेक्षा पेज सांभाळणाऱ्यांना नियमांची जास्त चाड असते, आणि कोण जाणे, ते निनावी पेज काढणारा हातही यात येऊन बसेल, त्याला प्रेक्षकच तर हवे होते. मी मुद्दाम त्याला वाट ठेवेन. तुम्हाला हे नाही पटलं तरी चालेल.

ज्यांना स्वतःचं काही टाकायचं नाही अशी लाजरीबुजरी मुलंही असतात, त्यांच्यासाठी वेगळ्या जागा आहेत. आयनॅचरलिस्ट नावाच्या साइटवर कुठल्याही किड्याचा, झाडाचा फोटो टाकला की जगभरातले लोक ओळखायला मदत करतात, आणि पक्की ओळख पटलेल्या नोंदी शास्त्रज्ञ खरोखर वापरतात. तिथे ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती आधी चालू करायला लावा, घराच्या अंगणातला सुरवंट म्हणजे घराचा पत्ता. गॅलेक्सी झू नावाचा एक प्रकल्प आहे, दुर्बिणीने टिपलेल्या आकाशगंगांचे आकार बघून वर्गवारी करायची, तिथे २००७ मध्ये हॅनी व्हॅन आर्केल नावाच्या नेदरलँड्सच्या एका शाळाशिक्षिकेला एक विचित्र निळसर ढग दिसला, तिने 'हे काय आहे' असं विचारलं, आणि शास्त्रज्ञांनाही तो प्रकार नवीन निघाला, आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. तुमच्यासारखीच शिक्षिका हो. एक शंका विचारली एवढंच तिने केलं.

रात्रीचं थोडक्यात. या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि शरीराचं घड्याळच उशिरा झोपायच्या बाजूला सरकलेलं असतं, त्यात उशाशी फोन. फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्ज करायचा, सगळ्या घराचा, आईबाबांचाही, हा एवढा एक नियम मी कुठल्याही घराला सांगते. मी स्वतः परवा रात्री एक वाजेपर्यंत अनोळखी माणसांची कपाटं आवरलेली बघत बसले होते तेव्हा मला फार बोलायचा हक्क नाही. आणि जाता जाता, वर्गाच्या ग्रुपवर उद्याचा गृहपाठ रात्री साडेदहाला कोण टाकतं? तुम्ही नसाल टाकत. स्टाफरूममध्ये विचारून बघा.

अजून एक, जरा कडू आहे. तुमच्या शाळेचं पेज आहे का? त्यावर मुलांचे फोटो असतील, स्नेहसंमेलनाचे, खेळांचे, तोंड वेडंवाकडं झालेले. त्या मुलांना कुणी विचारलं होतं? पालकांची सही घेतलेली असते वर्षाच्या सुरुवातीला, ते ठीक, पण मुलाला? 'न विचारता कुणाचा फोटो टाकू नये' हे आपण शिकवतो आणि आपणच रोज टाकतो, हे मुलांच्या लक्षात येत नाही असं समजू नका. मुख्याध्यापकांना सांगून एवढा बदल करा, फोटो टाकायच्या आधी मुलाला दाखवायचा आणि नको म्हणालं तर काढायचा. खर्च शून्य. आणि तुम्ही उद्या इन्स्टावर अकाउंट काढलंत तर काढा, पण पर्सनल अकाउंटवरून विद्यार्थ्यांना फॉलो करू नका, त्यांच्या रिक्वेस्ट घेऊ नका, पासवर्ड तर कुणाचाच मागू नका. त्यांनाही आपल्या नजरेबाहेरचा एक कोपरा लागतो, आपल्याला नव्हता का लागत.

सोमवारी उपक्रमाचा विषय काढायच्या आधी त्या मुलीला गाठा. ती म्हणाली की मला पेजच्या टीममध्ये नको, मला कुणाला दिसायचंच नाहीये, तर आग्रह करू नका, आणि म्हणाली की मला कमेंट बघायचं काम द्या, तर बिनधास्त द्या. चिठ्ठ्या जमल्या की मला कळवा काय काय निघालं ते, नावं अर्थातच नकोत. आणि तुमचं ते मीम पाठवता आलं तर पाठवा.

तुमची,
ताई